बाप दाखव, नाहीतर राज्य सोड

पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाथिंग कायद्यात जमिनीच्या तंट्याविषयी एक कलम आहे. वाडवडिलांची म्हणून जमीन परत मागणाऱ्याने सभेत उभे राहून ती ज्यांच्या ताब्यात होती अशा पाच पूर्वजांची नावे ओळीने सांगायची. सहाव्याकडे ती ओडल हक्काने, म्हणजे कुळाच्या पिढीजात मालकीने, आणि वारशानेही आलेली असली पाहिजे. नावे अडली की दावा बुडाला. वतनाच्या तंट्यातले करीने आणि महजर चाळलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. वंशावळ इथे अभिमानाची वस्तू नाही, ती साक्ष आहे, आणि साक्ष नेहमी कोणत्या तरी खटल्यात दिली जाते.

नॉर्वेच्या राजांविषयी बाराव्या-तेराव्या शतकात जे लिहिले गेले, ते या कलमाच्या अंगाने वाचायला हवे असे माझे म्हणणे आहे. तसे ते सहसा वाचले जात नाही. एक वर्ग या वंशावळींना रक्ताची नोंदवही समजतो: हराल्ड हार्फाग्रेने देश एक केला, पुढचे सगळे राजे त्याचे वंशज, राज्य कुळातच राहिले. ह्याच समजुतीवर 1872 साली हॉगेसुंद इथे 17 मीटर उंचीचा स्तंभ उभा राहिला, हराल्डने जिच्यात देश जिंकला असे मानतात त्या हाफ्रस्फ्योर्डच्या लढाईला हजार वर्षे झाली म्हणून. (872 हे साल कोणत्याही मध्ययुगीन लेखकाने दिलेले नाही, ते पुष्कळ नंतर मागे मोजत काढले आहे.) दुसरा वर्ग म्हणतो, सगळे बनावट आहे, सोडून द्या. पहिल्या वर्गाला पुरावा कळत नाही आणि दुसऱ्याला राजकारण, कारण बनावट दस्तऐवजसुद्धा कोणी, केव्हा आणि कोणाला दाखवायला बनवला हे अगदी खरे असते.

सुरुवात सर्वांत जुन्या वंशकाव्यापासून करू. ‘इंग्लिंगातल’ हे काव्य ह्वीनचा थ्योडोल्फ या कवीच्या नावावर आहे आणि परंपरेने ते इ.स. 900च्या आसपासचे मानतात. ते ज्याच्यासाठी रचले, तो हराल्डचा चुलतभाऊ राग्नवाल्ड. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन आपल्या ‘हाइम्सक्रिंग्ला’ या राजचरित्रांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो की त्यात राग्नवाल्डचे तीस पूर्वज येतात आणि प्रत्येकाचा मृत्यू व दफनाची जागा सांगितलेली आहे. मृत्यू तरी कसले! फ्योल्निर रात्री मधाच्या मद्याच्या पिंपात पडून बुडतो. दोमाल्डीला दुष्काळ हटावा म्हणून त्याचेच लोक बळी देतात. डाग एका गुलामाच्या दाताळ्याने मरतो, आग्नीला त्याची बायको त्याच्याच सोन्याच्या गळसरीने फासावर लटकवते, एयस्टाइनला शेजारच्या जहाजाच्या शिडाचे आडवे लाकूड समुद्रात ढकलते. स्तुतिकाव्यात ही थट्टा कशाला, असे अभ्यासक विचारत आले आहेत. माझ्या मते काव्याचा भर मरण्यावर नसून पुरण्यावर आहे. अमक्या नदीकाठी, तमक्या टेकाडाखाली आमचा माणूस पुरलेला आहे, हे सांगणे म्हणजे जमिनीवर खुंट्या ठोकणे.

हे काव्य खरोखर नवव्या-दहाव्या शतकातले आहे का, यावर वाद आहे. नॉर्वेचे इतिहासकार क्लाउस क्राग यांनी 1991 साली मांडले की पहिल्या चार राजांचे मृत्यू पाणी, पृथ्वी, वायू आणि अग्नी या चार तत्त्वांवर बेतलेले आहेत, म्हणजे रचना बाराव्या शतकातल्या चर्चशिक्षित डोक्याची असावी. अनेकांना ते पटलेले नाही, मलाही पुरते पटत नाही. पण त्यांनी लावलेली शिस्त मोलाची: वंशावळ ज्या काळाविषयी बोलते तो काळ वेगळा आणि ज्या काळात बोलते तो वेगळा.

त्या शिस्तीने पुढचा पुरावा पाहा. सुमारे 985 साली एयविंड स्काल्डास्पिलिर हा कवी ‘हालेय्ग्यातल’ रचतो, हाकोन यार्लसाठी. हाकोन हा ट्रॉन्हाइमजवळच्या ह्लाडीरचा सरदार, नॉर्वेचा प्रत्यक्ष सत्ताधीश, पण हराल्डच्या कुळाचा नाही. एयविंडने थ्योडोल्फचाच साचा उचलला, तेच वृत्त, तीच मृत्यूंची रांग, आणि मुळाशी थेट देवांचा प्रमुख ओडिन आणि राक्षसकन्या स्काडी. थ्योडोल्फचे काव्य जुने मानले, तर या नकलेचा अर्थ लावणे सोपे जाते. एका घराण्याकडे तीस पिढ्यांचे काव्य असेल तर प्रतिस्पर्ध्याला तेवढ्याच वजनाचे काव्य हवे. दहाव्या शतकातच वंशावळ हे राजकीय सामग्रीतले एक आवश्यक नग झाले होते, ढालीसारखे किंवा जहाजासारखे.

धर्मांतरानंतर मोठी अडचण उभी राहिली, कारण ओडिन आता सैतानाच्या पंगतीत गेला. त्याला मूळपुरुष ठेवावे तर चर्च रागावते, काढून टाकावे तर वंशावळ लंगडी होते. तोडगा जुना आणि युरोपभर चाललेला होता: देवांना माणूस करा. आइसलँडचा आरी थोर्गिल्सोन (मृत्यू 1148) आपल्या ‘इस्लेंडिंगाबोक’ या आइसलँडच्या इतिहासाच्या शेवटी स्वतःची वंशावळ क्रमांक घालून देतो. पहिला यिंग्वी, ‘तुर्कांचा राजा’, दुसरा न्योर्ड, स्वीडनचा राजा, तिसरा फ्रेय, मग फ्योल्निर, आणि अगदी शेवटी, माझे नाव आरी. तुर्क का? फ्रँकिश इतिहासलेखनात तुर्कांना ट्रोजनांचे भाऊबंद मानण्याची जुनी कल्पना होती. ट्रॉयशी नाते जुळले की रोमशी बरोबरी झाली. स्नोरीच्या नावावरच्या ‘एड्डा’ या काव्य आणि पुराणकथांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हेच सविस्तर येते. ‘थोर’ नावाचा जुना देव हा ट्रॉयच्या प्रियाम राजाचा नातू, त्याच्या वंशात पुष्कळ पिढ्यांनी ओडिन, आणि तो आशियातून उत्तरेला आलेला एक शहाणा सरदार.

या जोडकामात गफलती कुठे होतात हे पाहण्यासारखे आहे, कारण कारागिरी गफलतीतच उघडी पडते. त्या प्रस्तावनेत ओडिनच्या पूर्वजांमध्ये ‘सेस्केफ’ नावाचा गृहस्थ आहे. असा कोणी कधी नव्हता. इंग्लंडमधल्या राजवंशावळींत ‘स्केफ’ हे नाव आहे. त्याच्याआधी जुन्या इंग्रजीतले ‘से’ (म्हणजे ‘तो’) हे दर्शक सर्वनाम होते, आणि नक्कल करणाऱ्याने दोन्ही मिळून एक पूर्वज केला. म्हणजे ओडिनची ही वंशावळ उत्तरेच्या मौखिक स्मरणातून आलेली नाही, इंग्लंडहून हस्तलिखितात आली. दुसरी खूण गणिताची. तीस पिढ्या, प्रत्येकी तीस वर्षे, म्हणजे 900 वर्षे. राग्नवाल्डपासून मागे गेलो की बरोबर ख्रिस्तजन्माच्या सुमारास पोचतो. फ्रेय आणि फ्योल्निर ज्या डेन्मार्कच्या फ्रोडी राजाचे समकालीन, त्याच्या शांततेचा काळ स्नोरी ऑगस्टस आणि ख्रिस्तजन्माशीच जुळवतो. इतका गोल हिशेब खऱ्या कुटुंबांत निघत नाही.

आता कळीचा सांधा, हराल्ड स्वतः. सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य कथांमध्ये, त्याला सुमारे वीस मुलगे आहेत, आणि ही संख्या फार सोयीची आहे. संत ओलाफ त्यातल्या ब्योर्नच्या शाखेतला, ओलाफ ट्रिग्वासोन तिसऱ्याच मुलाच्या, हराल्ड हार्डराडे सिगुर्ड ह्रीसेच्या. तीन वेगवेगळ्या प्रदेशांतून सत्तेवर आलेली तीन माणसे अशी एका आजोबा-पणजोबाच्या अंगणात येतात. क्राग यांनीच 1989 मध्ये दाखवले की या राजांच्या समकालीन दरबारी काव्यांत हराल्ड हार्फाग्रेच्या वंशाचा दाखला मिळत नाही. हार्डराडेचे कवी त्याचे संत ओलाफशी नाते मिरवतात आणि ते नाते आईकडून आहे, दोघांची आई आस्ता. सुमारे 1075 मध्ये लिहिणारा जर्मन धर्मगुरू ब्रेमेनचा आडाम तर म्हणतो की नॉर्वेत राजसत्ता प्रथम बळकावली ती हाकोन यार्लने. हराल्ड त्याच्या गावीही नाही. आरीच्या लिखाणात, म्हणजे 1122 ते 1133च्या दरम्यान, मात्र दोन्ही ओलाफांच्या पिढ्या हराल्डपर्यंत व्यवस्थित मोजलेल्या सापडतात. वंशावळी तपासताना सांध्यावरच्या माणसाकडे बघावे: सिगुर्ड ह्रीसेचा मुलगा हाल्फदान, ब्योर्नचा मुलगा गुडरोड. मोठ्या नावांना जोडणारी ही मंडळी स्वतः जवळपास काहीच करत नाहीत, फक्त कोणाचे तरी मुलगे आणि कोणाचे तरी बाप असतात. यावरून ती काल्पनिक ठरत नाहीत, पण वजन कशावर टाकायचे नाही ते कळते.

म्हणजे बाराव्या शतकात नॉर्वेचे राज्य हे हराल्डचे ओडल ठरले, शेतजमिनीचा कायदा सिंहासनाला लागू झाला. त्याचे परिणाम भयंकर झाले. ओडल हक्कात राजाचा प्रत्येक मुलगा वारस, औरस असो वा अनौरस. मग भांडण एकाच प्रश्नावर येऊन ठेपते: तुझा बाप कोण? आणि बाप तर मेलेला.

1120च्या दशकाच्या अखेरीस हराल्ड गिले नावाचा तरुण पश्चिम समुद्रापलीकडून आला, आई आयरिश. तो म्हणाला, मी मॅग्नुस बेरफोटचा मुलगा. मॅग्नुस 1103 मध्ये आयर्लंडातच मारला गेला होता, तेव्हा गोष्ट अशक्य नव्हती. गादीवरच्या सिगुर्ड योर्सालफारने त्याला अग्निदिव्य करू दिले, पण आधी त्याच्याकडून शपथ घेतली की सिगुर्ड आणि त्याचा मुलगा हयात असेतो राज्य मागायचे नाही. तापून लाल झालेले नांगराचे नऊ फाळ मांडले. दोन बिशपांनी हाताला धरून हराल्डला अनवाणी चालवले. तीन दिवसांनी पाय तपासले, भाजलेले नव्हते. 1130 मध्ये सिगुर्ड मेल्यावर हराल्डने शपथ गुंडाळून ठेवली. 1135 मध्ये त्याने सिगुर्डचा मुलगा मॅग्नुस याला पकडून त्याचे डोळे काढले, एक पाय तोडला, खच्ची केले आणि मठात पाठवले. पुढच्याच वर्षी खुद्द हराल्डला मारले ते सिगुर्ड स्लेम्बे याने, आणि तोही स्वतःला मॅग्नुस बेरफोटचाच मुलगा म्हणवत होता. डेन्मार्कमध्ये बिशपांसमोर आपलेही दिव्य झाले असे त्याचे म्हणणे. ते डेन लोकांनी रचलेले खोटे आहे, असे हराल्डचे लोक म्हणत. म्हणजे परदेशात केलेल्या दिव्याला किंमत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवावे: दिव्याने सत्य सिद्ध होत नसे, तर दिव्य कोणाच्या देखरेखीखाली झाले त्याची सत्ता सिद्ध होत असे. जखम भरली की चिघळली हे ठरवणारे डोळे कोणाचे, यावर सारे होते.

1130 ते 1240 असे एकशे दहा वर्षे हे यादवीचे युग चालले. मधे एकदा खेळाचे नियमच बदलायचा प्रयत्न झाला, आणि तो मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. 1161 मध्ये एर्लिंग स्काक्के या सरदाराने आपला पाच वर्षांचा मुलगा मॅग्नुस राजा करवला. अडचण ढळढळीत होती. मुलाचा बाप राजा नव्हता; राजघराण्यातली होती ती आई क्रिस्टिन, सिगुर्ड योर्सालफारची मुलगी. जुन्या रिवाजाने दावा शून्य. पण क्रिस्टिन औरस होती आणि मॅग्नुसही औरस होता, तर बापाकडून हक्क सांगणारे बहुतेक प्रतिस्पर्धी अनौरस. मग औरसपणा हीच कसोटी करून टाकली. 1163च्या वारसा कायद्याप्रमाणे राजाचा थोरला औरस मुलगा राजा व्हावा. तो दुष्ट किंवा निर्बुद्ध असेल तर बिशप आणि प्रत्येक बिशपक्षेत्रातले निवडलेले बारा शहाणे मिळून ठरवतील. त्याच सुमारास आर्चबिशप एयस्टाइनने बेर्गेनमध्ये मॅग्नुसला मुकुट घातला, स्कँडिनेव्हियातला पहिला राज्याभिषेक. स्नोरीने आर्चबिशप आणि एर्लिंग यांचा संवाद दिला आहे. आर्चबिशपने दंडाची रक्कम शुद्ध चांदीत घ्यायला लावून उत्पन्न वाढवले होते, एर्लिंगला मुलासाठी अभिषेक हवा होता, आणि दोघेही एकमेकांच्या कायद्याबाहेरच्या गोष्टीकडे बोट दाखवून शेवटी हात मिळवतात. इतका थंड राजकीय संवाद त्या काळच्या युरोपीय लिखाणात क्वचित सापडेल.

आणि मग 1176 मध्ये फॅरो बेटांवरून एक पुरोहित आला. स्वेरे. आतापर्यंत तो उनास नावाच्या फणी बनवणाऱ्याचा मुलगा समजला जात होता. सागा म्हणते, आई रोमला यात्रेला गेली, तिथे पापनिवेदन करताना तिने मुलाचा खरा बाप राजा सिगुर्ड मुन असल्याचे सांगितले, आणि हे मुलाला सांग अशी आज्ञा पोपकडून झाली. सिगुर्ड मुन 1155 मध्येच मारला गेला होता. वयाचा हिशेबही अडचणीचा आहे. चर्चच्या नियमाने पुरोहिताची दीक्षा तीस वर्षांनंतर. तो नियम इथे पाळला गेला असेल तर स्वेरेचा जन्म 1146 किंवा त्याआधीचा, आणि सिगुर्ड मुन जन्मला 1133 मध्ये. तेरा वर्षांचा बाप! दूरच्या बेटांवर नियम काटेकोर पाळले जात नसत हे उत्तर आहे, पण ते उत्तर द्यावे लागते हेच पुरेसे बोलके आहे.

स्वेरेचे चरित्र, ‘स्वेरिस सागा’, या सगळ्या साहित्यातला सर्वांत चतुर दस्तऐवज म्हणावा लागेल. आरंभीचा भाग आइसलँडमधल्या थिंगेयरार मठाचा अबट कार्ल योन्सोन याने लिहिला, आणि प्रस्तावना उघडच सांगते की राजा स्वतः शेजारी बसून काय लिहायचे ते ठरवत होता. मग राजाने काय लिहवून घेतले? वंशावळीचा मुद्दा झटपट उरकला आणि जोर स्वप्नांवर दिला. संत ओलाफ स्वप्नात येऊन आपण तोंड धुतलेल्या पाण्यातच स्वेरेला धुवायला सांगतो. संदेष्टा शमुवेल येऊन त्याच्या हातांना अभिषेक करतो, जसा त्याने दावीदाला केला होता. ही निवड अचूक आहे. बायबलमधला दावीद आधीच्या राजाच्या, शौलाच्या, रक्ताचा नव्हता. देवाने त्याला निवडले होते. म्हणजे बाप सिद्ध झाला तर उत्तम, न झाला तरी देवाची निवड आहेच. सिगुर्ड मुनचा दुसरा मुलगा म्हणवणारा एयरिक आला तेव्हा त्याने लोखंडाचे दिव्य केले. स्वेरेने स्वतः ते केल्याची नोंद त्याच्या या सागेत नाही. त्याचे दिव्य रणांगणावर झाले: 1179 मध्ये एर्लिंग पडला, 15 जून 1184ला फिमरेइतेच्या आरमारी लढाईत मॅग्नुस. 1202 मध्ये मरताना त्याने आपला चेहरा उघडा ठेवायला सांगितले, मित्र-शत्रू सर्वांना बघता यावा म्हणून. वंशाचा हक्क इतका पातळ असणाऱ्या माणसाने साक्ष कशी मांडायची हे शेवटपर्यंत ओळखले होते.

त्याच्या नातवाची, हाकोन हाकोनसोनची, कथा या पद्धतीचा शेवट दाखवते. 1217 मध्ये तेरा वर्षांच्या हाकोनला राजा म्हणून घोषित केले आणि नंतर, 1218 मध्ये, त्याची आई वार्तेइगची इंगा हिने बेर्गेनमध्ये तापलेले लोखंड हातात धरून त्याचे पितृत्व सिद्ध केले. क्रम लक्षात घ्या: आधी गादी, मग पुरावा. शिवाय चर्चच्या 1215च्या लॅटरन परिषदेने पुरोहितांना अशा दिव्यांत भाग घ्यायला मनाई केलेली होती. तरीही 1163ची औरसपणाची अट होतीच, म्हणून पोपकडून अनौरस जन्माबद्दल सूट मिळवावी लागली. 1247 मध्ये पोपचा दूत कार्डिनल विल्यम याने हाकोनला मुकुट घातला आणि त्याच भेटीत लोखंडाचे दिव्य बंद करवले. ज्या पायरीने राजा चढला तीच मागून काढून टाकली. 1260 मध्ये थोरल्या औरस मुलाचा कायदा झाला. हाकोनचे चरित्र लिहिले स्टुर्ला थोर्डार्सोनने, आणि त्याचा काका स्नोरी 1241 मध्ये याच हाकोनच्या हुकमाच्या जोरावर मारला गेला होता. काकाच्या मारेकऱ्याला वैध राजा म्हणून रेखाटण्याचे काम पुतण्याकडे यावे, हा या लेखनव्यवहाराचा स्वभाव समजून घ्यायला पुरेसा तपशील आहे.

आइसलँडर यात केवळ लेखनिक नव्हते, त्यांचेही हितसंबंध गुंतलेले होते. आइसलँडमधल्या ओड्डीचा सरदार योन लोफ्ट्सोन याची आई थोरा ही मॅग्नुस बेरफोटची अनौरस मुलगी. 1190च्या सुमारास त्याच्यासाठी रचलेले ‘नोरेग्स कोनुंगातल’ हे काव्य नॉर्वेच्या राजांची ओळ मोजत मोजत योनच्या दारात आणून सोडते. स्नोरी याच घरात वाढला. ‘लांडनामाबोक’मध्ये सुमारे 430 मूळ वसाहतकारांच्या नोंदी आहेत, तिच्या एका प्रतीत लिहिण्याचे कारण दिले आहे की परके आम्हाला गुलामांची आणि गुंडांची अवलाद म्हणतात, त्यांना उत्तर देता यावे. हाउक एर्लेंड्सोनने चौदाव्या शतकाच्या आरंभी आपली प्रत तयार करताना स्वतःच्या पिढ्याही त्यात घालून घेतल्या. जमिनीचा कायदा, राजाची गादी आणि घराची अब्रू या तिन्हींना एकच हत्यार लागत होते.

म्हणून अशी वंशावळ हाती आली की ती खालून वर वाचावी. शेवटचे नाव कोणाचे ते पाहावे, दावेदार बहुधा तिथे असतो. मग सर्वांत जुना लिखित उल्लेख कोणत्या दशकातला, त्या दशकात कोण कोणाशी भांडत होते, आणि दाव्यात कोणती अट मुद्दाम पुढे केली आहे, बापाचे रक्त की औरस जन्म, अभिषेक की स्वप्न, हे शोधावे. जी अट आपल्याजवळ आहे तीच प्रत्येक पक्षाने कायदा म्हणून मांडली. वंशावळीत काय आहे यापेक्षा ती कोणाला वगळते हे पाहिले की तिची तारीख जवळजवळ ठरवता येते.

डीएनएने हे सगळे प्रश्न सुटतील अशी आशा अलीकडे दिसते. स्वेरेच्या सागेत 1197च्या एका हल्ल्यात शत्रूने ट्रॉन्हाइमजवळच्या त्याच्या किल्ल्यातल्या विहिरीत एक प्रेत टाकून वर दगड भरले, असे वाक्य आहे. 1938 मध्ये तो सांगाडा विहिरीत सापडला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार तो माणूस दक्षिण नॉर्वेकडच्या वंशाचा होता. सागेतला एक अनाम मृतदेह खरा निघाला. पण स्वेरेचे काय? तो बेर्गेनच्या ख्रिस्त चर्चमध्ये पुरला गेला होता आणि ते चर्च 1531 मध्ये पाडले गेले. समजा हाडे सापडली आणि बाप फणीवालाच निघाला, तरी 1184 ते 1202 नॉर्वेवर राज्य कोणी केले याचे उत्तर बदलत नाही. बदलेल ती फक्त आपली या लेखकांच्या कौशल्याबद्दलची दाद, आणि तीही वाढेल.

1905 मध्ये स्वीडनपासून वेगळे झाल्यावर नॉर्वेने जनमत घेतले, 2,59,563 विरुद्ध 69,264 मतांनी डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल राजा झाला. मताने निवडून आलेल्या या राजाने नाव घेतले हाकोन सातवा, आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचा, अलेक्झांडरचा, ओलाफ झाला. त्या सातच्या मोजणीत स्वेरेचा मुलगा हाकोन तिसरा आहे आणि इंगाने लोखंड धरून सिद्ध केलेला हाकोन चौथा. दोन दशके देश चालवणारा हाकोन यार्ल मोजणीत नाही, कारण तो हराल्डचा नव्हता. शाळेत आणि संग्रहालयांत टांगल्या जाणाऱ्या राजांच्या यादीतही हीच बाराव्या शतकातली कसोटी निमूट चालू आहे. त्या यादीत दोन रकाने वाढवावेत असे माझे मत आहे: हा हक्क प्रथम कोणी लिहिला, आणि केव्हा. मग एर्लिंगचा मॅग्नुस आणि त्याला बुडवणारा स्वेरे एकाखाली एक शांतपणे बसलेले दिसणार नाहीत. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला राजा मानलेले नव्हते.